वेताळ टेकडी : रविवारी निवेदन पुरं करायचंय

नमस्कार मंडळी,

पुण्यातल्या आपल्या वेताळ टेकडीच्या पुढच्या नियोजनाबद्दल महापालिका आणि वन विभागाला द्यायचं आपलं निवेदन अजून कच्चंच आहे. येत्या रविवारी सकाळी साडेसहाला वेताळबाबा मंदिरापाशी जमू आणि तिथेच बसून ते पुरं करू.

टेकडीवरून काढायच्या प्रस्तावित बालभारती-पौड फाटा रस्त्याला आपला विरोध का, हे सगळ्यांना तोंडपाठ आहे. त्यात वेळ घालवायला नको. खरं बोलायचंय ते ग्लिरिसिडियावर. ही बाहेरून आणून लावलेली झाडं इतकी दाट झालीत की खाली धड गवतही उगवत नाही. ती सरसकट तोडावीत असं मला वाटत नाही. टप्प्याटप्प्यानं विरळ करून सालई, गणेर, पळस या इथल्या मूळच्या झाडांना जागा द्यावी. टेकडीवरच्या जुन्या दगडखाणीकडे जाताना कातळाच्या फटीत गणेराचं रोप आलंय, जेमतेम वीतभर. त्याच्याभोवती रचलेले दगड कृपया हलवू नका.

खाणीच्या काठावर दिवे नकोतच, असं माझं स्पष्ट मत आहे. अंधार पडल्यावर खाणीत साठलेलं पाणी प्राण्यांचं. बाकांबद्दल मात्र गुडघे दुखणाऱ्यांनी बोलावं.

ज्या ज्येष्ठांना चढवत नाही, त्यांचं म्हणणं शेजाऱ्यांनी शनिवारपर्यंत लिहून घ्यावं. येताना पाण्याची बाटली आणि पेन आणा.