परदेशातील मुलांना शिकवायला निघण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सुटीत परदेशी जाऊन अनाथ मुलांना शिकवून आलेल्या विद्यार्थ्यांचे कौतुक हल्ली वरचेवर छापून येते. माझी भाची सोलापूर विद्यापीठात एम. ए. करते. तीही नेपाळला निघाली आहे. पोरीला मुलांचा खरोखर लळा आहे, म्हणूनच हे लिहिते आहे.

पाठवणाऱ्या संस्थेचा फॉर्म तिने मला दाखवला. काठमांडूजवळच्या अनाथालयात दोन आठवडे राहायचे, आणि फी एवढी की तिच्या वडिलांनी सोसायटीतून कर्ज काढायचे ठरवले आहे. फॉर्मात टी-शर्टचा साइज विचारला आहे. पूर्वी कधी मुलांना शिकवले आहे का, हे विचारलेले नाही. पोलिस पडताळणीचा दाखला तर मागितलेलाच नाही. लहान मुले राहतात त्या घरात अनोळखी माणसाला चौकशीविना घेणारे त्या मुलांना काय सांभाळत असतील?

नेपाळमधील बहुतांश अनाथालये काठमांडू खोरे, पोखरा, चितवन अशा पर्यटकांच्या भागांतच एकवटलेली आहेत. नेपाळ असो की कंबोडिया, तिथल्या अनाथालयांतील बहुतेक मुलांचे आई किंवा वडील हयात असतात. चांगल्या शाळेचे आमिष दाखवून मुले खेड्यांतून आणली जातात, कारण मुले दिसली की देणगी मिळते. ऑस्ट्रेलियाने २०१८ मध्ये आधुनिक गुलामगिरीविरोधी कायदा केला, तेव्हा या तस्करीचीही दखल घेतली. २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनेही अनाथालयांतील स्वयंसेवेच्या नावाखाली मुलांचे शोषण होऊ नये, असा ठराव केला. आमच्या पोरांना हे कोणी सांगतच नाही.

मी सोलापूरच्या पूर्व भागात बालवाडी चालवली. आया विड्या वळणाऱ्या, घरात तेलुगू. नवे मूल महिना महिना तोंड उघडत नसे. दाराशी उभे राहून फ्रॉकचे टोक चावत बसे. मला मोडकी तेलुगू येऊ लागली, तेव्हा कुठे ती जवळ येऊ लागली. एकदा मदतीला आलेली ताई मध्येच सोडून गेली, तर एक मुलगी कितीतरी दिवस फाटकाकडे बघत राहिली. तिला निदान संध्याकाळी आई होती. अनाथालयातल्या मुलाला दर पंधरवड्याला नवी ताई मिळते, ती मिठी मारते, रडते आणि निघून जाते. त्या मुलाने किती जणींना जीव लावायचा?

परतलेल्या विद्यार्थ्यांच्या सत्काराच्या भाषणात डॉ. कोटणीसांचे नाव हमखास येते. ते सोलापूरचे, आपल्याला अभिमान आहेच. पण दाखला द्यायचा तर पुरता द्यावा. १९३८ मध्ये त्यांच्यासह पाच भारतीय डॉक्टर चीनला गेले ते तिकडून बोलावणे आले म्हणून, आणि हातात वैद्यकीचे शिक्षण होते म्हणून. कोटणीस तिथली भाषा शिकले, तिथल्या विद्यार्थ्यांना त्यांनी शिकवले, आणि १९४२ मध्ये तिथेच देह ठेवला. एवढे कोणी करावे असे मी म्हणत नाही. पण बोलावणे कोणाचे आणि आपल्याला येते काय, हे दोन प्रश्न भैय्या चौकातल्या त्यांच्या स्मारकाजवळून जाणाऱ्या प्रत्येकाला स्वतःला विचारता येतात.

विद्यापीठाला विनंती, की राष्ट्रीय सेवा योजनेच्या विभागाने अशा संस्थांची माहिती तपासून विद्यार्थ्यांपुढे ठेवावी. मुलांना आपल्या घरीच ठेवता यावे म्हणून कुटुंबांना मदत करणाऱ्या, स्थानिक शिक्षकांच्या हाताखाली काम देणाऱ्या संस्थांकडेच त्यांना पाठवावे.

आणि आपल्याला एक विनंती. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नुसार आपल्याकडच्या निराधार मुलांची ओळख वृत्तपत्रात उघड करता येत नाही. परदेशातल्या मुलांनाही तोच न्याय लावावा. सत्काराची बातमी जरूर छापा, पण कडेवर घेतलेल्या त्या मुलांचे चेहरे छापू नका.

आपली नम्र,
एक निवृत्त बालवाडी शिक्षिका, सोलापूर