प्रश्नपत्रिका बदलून समज वाढत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

परीक्षांची चर्चा सुरू झाली की वृत्तपत्रांतून एक मागणी हमखास वाचायला मिळते. घोकंपट्टीचे प्रश्न काढून टाका, आकलनाचे प्रश्न घाला, म्हणजे मुले समजून घेऊन शिकू लागतील. मागणीमागची कळकळ खरी आहे. मी आयुष्यभर शिकवण्याचेच काम केले, त्यामुळे ती मला जवळची वाटते. पण नुसते प्रश्न बदलून हे साधत नाही, आणि का साधत नाही हे स्वीडनमधील गोथेनबर्ग विद्यापीठाचे शिक्षणसंशोधक फेरेन्स मार्टन यांनी १९७०च्या दशकातच दाखवून दिले आहे. त्यांच्या कामाची दखल या चर्चेत घेतली जावी, म्हणून हे पत्र.

मार्टन आणि त्यांचे सहकारी रॉजर सेल्यो यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग वरकरणी अगदी साधा आहे. विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना वाचायला एक लेख दिला. विद्यापीठांत उत्तीर्ण होणाऱ्यांचे प्रमाण वाढावे म्हणून सुचवलेल्या सुधारणांवर तो होता. लेखकाचे म्हणणे असे की, सरसकट सगळ्यांसाठी एकच उपाय योजू नका. जे गट मागे पडतात त्यांच्याकडे पाहा आणि त्यांच्यापुरते उपाय करा. वाचून झाल्यावर विद्यार्थ्यांना लेखात काय म्हटले आहे ते विचारले आणि त्यासोबतच, तुम्ही हे कसे वाचलेत, वाचताना काय करत होतात, असेही विचारले. या दुसऱ्या प्रश्नातच सगळे आले. आपण उत्तर तपासतो, पण त्या उत्तरापर्यंत मूल कोणत्या वाटेने आले याची चौकशी सहसा करत नाही.

काहींना लेखकाचा युक्तिवाद नेमका कळला होता. काहींच्या हाती ‘काहीतरी उपाय करायला हवेत’ एवढेच लागले, तर काहींना फक्त गटागटांत फरक असतो इतकेच आठवत होते. वाचण्याच्या पद्धतीतही असाच फरक निघाला. काही जण मजकुरातून लेखकाला काय म्हणायचे आहे ते शोधत होते. बाकीचे मजकूरच डोक्यात साठवत होते, कारण पुढे काय विचारतील याची त्यांना धास्ती होती. त्यांच्या हातून मुद्दा निसटला, कारण ते मुळात मुद्दा शोधतच नव्हते. पहिल्या पद्धतीला ‘खोल’ आणि दुसऱ्या पद्धतीला ‘वरवरची’ अशी नावे मिळाली आणि ती जगभर रूढ झाली.

ही नावे माणसांना चिकटवायची नाहीत, हे मात्र ठासून सांगायला हवे. ‘हा वरवरचा विद्यार्थी’ असे म्हणणे म्हणजे मार्टन यांना उलटे वाचणे आहे. एकच विद्यार्थी एका विषयात खोलात शिरतो आणि दुसऱ्यात पाठ करून मोकळा होतो. समोरच्या कामात आपल्याकडून काय अपेक्षित आहे असे त्याला वाटते, यावर ते ठरते.

आता मूळ मुद्दा. याच संशोधकांनी पुढे विचार केला की, मधूनमधून योग्य प्रश्न विचारून वाचनाची पद्धत बदलता येईल का? एका गटाला प्रत्येक भागानंतर तपशिलाचे प्रश्न दिले, दुसऱ्या गटाला अर्थाचे प्रश्न दिले आणि भागाचा सारांश थोडक्यात सांगायला लावला. तपशिलाच्या प्रश्नांनी मुलांना वरवरच्या वाचनाकडे नेणे सोपे गेले. उलट दिशेने नेताना मात्र अडचण आली. अर्थाचे प्रश्न मिळालेल्या गटातल्या काहींनी ओळखले की आपल्याला दर वेळी सारांश द्यायचा आहे, आणि ते सारांशापुरतेच वाचू लागले. कशाकशाचा उल्लेख करायचा एवढे त्यांना कळले; विचार करायची गरज उरली नाही. म्हणजे समजून घेण्याचेच तंत्र झाले. आकलनाच्या प्रश्नांचे साचे ठरले की त्यांच्या उत्तरांचेही साचे तयार होतात, हे शिकवणाऱ्या प्रत्येकाने डोळ्यांनी पाहिलेले आहे.

मग करायचे काय? मार्टन यांच्या कामातून मला पटलेले उत्तर असे की, मुले एखादी गोष्ट किती निरनिराळ्या तऱ्हांनी समजतात हे आधी ऐकायला शिकावे. त्यांच्या गटाने अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना विचारले होते : महामार्गावर एक मोटार वेगात, पण एकसारख्या गतीने, सरळ चालली आहे. तिच्यावर कोणती बले काम करतात? न्यूटनचे नियम सूत्रासकट माहीत असलेल्यांपैकीही काहींना वाटत होते की मोटार पुढे जाते आहे, तेव्हा पुढे ढकलणारे बल जास्तच असणार. प्रत्यक्षात गती बदलत नसेल तर बले एकमेकांना तोलून धरतात. याच गटातले लार्स उवे डालग्रेन यांनी अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना एका बनपावाची किंमत एक क्रोना (स्वीडनचे चलन) का असते, असे विचारले. अभ्यासक्रम संपल्यावरही अनेक जण बनच्या अंगच्या मोलाविषयीच बोलत होते; मागणी-पुरवठ्याचे आलेख त्यांनी वहीत काढले होते, पण ते या प्रश्नापर्यंत पोचले नव्हते. अशी उत्तरे लाल शाईने खोडून टाकणे म्हणजे हाती आलेली सर्वांत मोलाची माहिती फेकून देणे आहे.

पाठांतराविषयीही एक सांगायचे आहे, कारण आपल्या चर्चेत त्याला सरसकट खलनायक ठरवले जाते. हाँगकाँग आणि चीनमधले विद्यार्थी भरपूर पाठ करतात, तरी त्यांची समज पक्की कशी, हे कोडे अनेकांना पडले होते. मार्टन आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये चिनी शिक्षकांशी बोलून त्याचा उलगडा केला. हे शिक्षक दोन प्रकारचे पाठांतर मानतात : एक यांत्रिक, दुसरे अर्थ धरून केलेले. दुसऱ्या प्रकारात प्रत्येक आवर्तनात तोच मजकूर वेगळ्या बाजूने पाहिला जातो आणि समज वाढत जाते. शंभरदा म्हटलेल्या ओळीचा अर्थ एके दिवशी नव्याने उलगडणे, हा अनुभव ज्यांनी घेतला आहे त्यांना हे वेगळे पटवून द्यावे लागणार नाही. पाठांतर काढून टाकले की तिथे आपसूक समज येऊन बसेल, ही समजूत निराधार आहे.

संपादक महोदय, आपल्याला एक विनंती आहे. परीक्षेत उत्तम यश मिळवलेल्या विद्यार्थ्यांच्या मुलाखती आपण छापता, तेव्हा त्यांना अभ्यासाचे तास विचारले जातात. यापुढे त्यांना त्यांच्या आवडीच्या विषयातली एक कल्पना निवडायला सांगा. ती आधी त्यांना कशी वाटत होती, आता कशी दिसते आणि ती कशामुळे बदलली, हे त्यांच्याच शब्दांत छापा. इतर शिक्षकांना त्यातून धडा आखता येईल.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका