पगार नाही, पण ड्युटी चालू

मा. संपादक,
स.न.वि.वि.

2025 च्या नोव्हेंबरात भाच्याचं विमान अमेरिकेत तीन तास अडकलं आणि इकडे भुसावळात त्याची आई, म्हणजे आमची ताई, रात्रभर मोबाइल हातात धरून बसलेली. नंतर भाच्याने सांगितलं, मामा, इथे सरकारच बंद आहे, विमानं सोडणाऱ्या-उतरवणाऱ्या कंट्रोलरना पगार नाही म्हणून विमानं कमी केलीत. मी रेल्वेत सेक्शन कंट्रोलर होतो, कानाला फोन, समोर चार्ट, रंगीत पेन्सिलीने गाड्यांच्या रेषा ओढत जन्म गेला, त्यामुळे कंट्रोलर शब्द ऐकला की कान टवकारतात. रिलीव्हर आला नाही म्हणून डबल ड्युटी मीपण केलीय, पण पहिल्या तारखेला पगार जमा झाला नाही असं कधी झालं नाही!

तिकडे ते बंद प्रकरण 1 ऑक्टोबर ते 12 नोव्हेंबर, 43 दिवस चाललं, 40 मोठ्या एअरपोर्टवरची उड्डाणं कमी करावी लागली. आपल्याकडे बजेट लांबलं तर लेखानुदान घेतात, तिकडे संसदेत खर्चाचं बिल अडलं की सगळं ठप्प, आणि कंट्रोलर ‘अत्यावश्यक’ म्हणून त्याने फुकट यायचं, पैसे नंतर. गंमत म्हणजे तिकिटावर साडेसात टक्के टॅक्स तिथे कापतात, तो विमानसेवेच्या वेगळ्या फंडात जातो, 1970 पासून, पण संसदेची मंजुरी नसेल तर त्यातून पगार काढता येत नाही. तिजोरी भरलेली आणि किल्ली दुसऱ्याकडे.

त्यांची युनियन नॅटका (ताईला ‘नाटक’ ऐकू आलं) हेच सांगत खासदारांच्या दारात जाते, की बजेट अडलं तरी या फंडातून विमानसेवा आणि पगार चालू ठेवायचा कायदा करा. संप त्यांना करता येत नाही, केंद्र सरकारच्या नोकरांना तिथे बंदीच आहे. 1981 च्या ऑगस्टमध्ये आधीच्या युनियनने केला तर राष्ट्राध्यक्ष रेगनने दोन दिवसांत 11 हजारांवर लोकांना काढून टाकलं. आमच्याकडे 1974 च्या मे मध्ये रेल्वेचा संप झाला तेव्हा मी शाळेत होतो, वडील कॅबिनमन, वीस दिवस घरी येऊन जाऊन असायचे आणि आई क्वार्टरच्या दाराला आतून कडी लावून बसायची, रिकामं करायला कधी येतील सांगता येत नव्हतं. म्हणून ती 11 हजार घरं मला दिसतात.

तर नॅटका 1987 ला उभी राहिली आणि तिने कागद हातात घेतला. 2019 च्या जानेवारीत, तेव्हाचं बंद चालू असतानाच, थकलेला पगार द्यायचाच असा कायदा झाला, 2024 च्या विमान कायद्यात 2028 पर्यंत जास्तीत जास्त कंट्रोलर भरायचं लिहून घेतलं. सगळं मिळालं असं नाही, ते फंडाचं बिल अजून लटकलेलंच. आणि 2025 चं बंद संपल्यावर सरकारने बक्षीस काय दिलं तर एकही सुट्टी न घेतलेल्या 776 जणांना दहा दहा हजार डॉलर, म्हणजे ज्याचं पोरगं आजारी पडलं, ज्याने घर चालवायला दुसरं काम धरलं, त्याला काही नाही! हजेरी बक्षिसाची ही अक्कल आपल्याकडेही आहे.

आमच्या युनियन काय करतात तर गेट मीटिंग, घोषणा, चहा, साहेबांना हार. 2017 पासून रेल्वेचं वेगळं बजेटच राहिलं नाही, तेव्हापासून तर कर्मचाऱ्याला बजेटमध्ये काय आहे तेच कळत नाही. खासदार झेंडी दाखवायला येतात तेव्हा रिकाम्या पोस्टचा कागद त्यांच्या हातात कोण देतं? मीपण कधी दिला नाही, खरं सांगतो.

तुमच्या पेपरात बजेटच्या दुसऱ्या दिवशी ‘खान्देशला काय मिळालं’ अशी चौकट असते, त्यात पुढच्या वेळी भुसावळ डिव्हिजनच्या रिकाम्या पोस्ट किती ती एक ओळ टाकाल का?

आपला,
एक निवृत्त रेल्वे कर्मचारी, भुसावळ