वाटी रिकामी पाठवू नये

म्हार्दोळ, गोवा
रविवार, 17 मे 2020

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

फोन रोज होतो. पण फोनवर बाबांना हल्ली धड ऐकू येत नाही, आणि मग "बरी आहेस ना?" "हो, बरी आहे" एवढ्यावरच आमचं बोलणं आटपतं. म्हणून पत्र. बाबा, तुम्ही उभा जन्म दुसऱ्यांची पत्रं दारोदार पोचवलीत, एक तुमच्या नावाचंही दारात यावं असं फार वाटलं. टपाल चालू आहे, पोस्टात विचारून घेतलंय. आपला 416510 पिनकोड तर मला झोपेतही आठवेल.

आजच लॉकडाउन 31 तारखेपर्यंत वाढवल्याची बातमी आली. जनता कर्फ्यूपासून मोजलं तर आज 57 दिवस झाले. 19 एप्रिलला गोव्यातले सातही रुग्ण बरे झाले तेव्हा धाकट्याने लगेच बॅग भरली होती, आजीकडे जायचं म्हणून. या आठवड्यात पुन्हा नवे रुग्ण सापडले. सावंतवाडी ती केवढी लांब, दोन तासांची वाट, पण सीमेवरचा पत्रादेवीचा नाका ओलांडता येत नाही. बॅग अजून पलंगाखालीच आहे. मीही ती उपसली नाही.

काळजीचं आधी सांगून टाकते, कारण तुमच्यापासून लपवलं होतं. यांची टॅक्सी मार्चपासून ताडपत्रीखाली उभी आहे. पर्यटक नाहीत तर भाडं कुठलं? बँकेने हप्ते पुढे ढकललेत, साठवलेल्यातून घर चाललंय. हे रात्री उठून अंगणात बसतात. मी काही विचारत नाही, शेजारी जाऊन बसते.

आई, पाडव्याच्या दिवशी मी फोनवर तुला "सगळं आहे घरात" म्हणाले, ते खोटं होतं. त्या आठवड्यात इथे किराणा दुकानंसुद्धा बंद होती. पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंपू ऐकू येईना, दूध मिळेना. गुढीला साखरेची माळ नव्हती, नुसता कडुलिंब बांधला. डब्यात तांदूळ उरले होते दोन दिवसांचे, आणि त्याच रात्री गोव्यात पहिले तीन रुग्ण सापडल्याची बातमी आली. दुसऱ्या दिवशी सकाळी कुंपणाच्या गडग्यावरून हाक आली, "घे गो बाय." पलीकडच्या आजींनी उकड्या तांदळांनी भरलेलं पातेलं गडग्यावर ठेवलं, वर एक वाटी सुक्या गालम्यांची, म्हणजे बारीक कोळंबीची, आणि त्या चार पावलं मागे जाऊन उभ्या राहिल्या. मी उचलून मागे सरले, मग त्या पुढे येऊन विचारू लागल्या, पोरांनी खाल्लं का म्हणून. त्या एकट्या राहतात, आई. त्यांना तरी कोण आणून देणार होतं?

पातेलं घासलं, वाटी घासली, आणि हात थबकला. तू लहानपणी मला शेजारी वाटी परत द्यायला पाठवायचीस तेव्हा दारातून परत बोलवायचीस. "रिकामी नेऊ नकोस गो." काही नसलं तर चिमूटभर साखर घालायचीस. मला त्याचा राग यायचा, खेळ सोडून पुन्हा घरात यावं लागायचं. त्या दिवशी माझ्याकडे साखरही मोजकीच होती. कुंडीतल्या तीन हिरव्या मिरच्या तोडल्या, वाटीत ठेवल्या. आजींनी त्या उचलून पदरात बांधल्या. एवढ्याशा मिरच्या कुणी पदरात बांधतं का? पण बांधल्या, आणि मी घरात येऊन रडले.

तेव्हापासून ती वाटी गडग्यावरून ये-जा करतेय. कधी फणसाचे गरे येतात, कधी आमच्याकडून आमटी जाते. देवळं बंद, त्यामुळे फुलकारीणबाईंचा धंदाही बंद. तरी एकदा त्या रस्त्याने जाताना अबोलीची एक फाती फाटकाला अडकवून गेल्या. पैसे घेईनात. मी ती तुझ्या फोटोसमोर ठेवणार होते, पण जिवंत माणसाच्या फोटोला फुलं नकोत म्हणून देवाला घातली आणि तुझं नाव घेतलं.

दर मे महिन्यात आमचं पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, तूच भरायचीस. आमसुलं, कुळथाचं पीठ, फणसपोळी, मसाला. यंदा तुझी पिशवी येणार नाही हे कळलं तेव्हा आजींच्या परसातली भिरंडं, म्हणजे कोकमाची फळं, मागून आणली. तू फोनवर सांगितलंस तसं केलं. गर आणि बिया काढून मीठ घालून ठेवल्या, सालं सुपात पसरून उन्हात टाकली. संध्याकाळी सालं त्या रसात बुडवून सकाळी पुन्हा उन्हात. पहिल्या दिवशी ती नुसतीच लाल आणि लिबलिबीत, मला वाटलं बिघडलीच. चौथ्या दिवशी कडा वळू लागल्या. सहाव्या दिवशी काळसर झाली आणि घरभर तुझ्या माळ्याचा वास आला. माझी बोटं, नखं अजून जांभळी आहेत. लहानपणी शाळा उघडली की शाळेत जाताना तुझा हात धरायला मला लाज वाटायची, मे संपून जून आला तरी तुझी बोटं अशीच असायची. आता ही बोटं बघत बसते. त्या लाजेबद्दल मला माफ कर.

बियांचं भिरंडेल, म्हणजे कोकमाचं तेल, आजी काढून देणार आहेत. आपल्याकडे मुठेल म्हणतो तेच. तुझ्या टाचांसाठी ठेवते.

आणि बाबा, तुमची एक गोष्ट मला आत्ता कळली. तुम्ही घरी आल्यावर सायकल लावायच्या आधीच सांगायचात, आज कोलगावात त्या म्हातारीने ताक दिलं, आज चराठ्यात कुणी गूळ-पाणी दिलं. किती ऊन होतं, किती चढ होता, हे तुम्ही कधी सांगितलंच नाही. आम्हाला वाटायचं बाबांचं काम मजेचं आहे. आता रात्री जेवताना मी पोरांना तेच विचारते, आज कोणी काय दिलं? धाकटा परवा म्हणाला, "पोदेराने मला हात केला." मोठी म्हणाली, "बाबांनी माझी वेणी घातली." यांनी घातली होती खरी, वाकडीतिकडी, पण अर्धा तास बसून. टॅक्सी चालू असती तर यांना सकाळी घरात कोण बघणार होतं?

पोदेर सातला येतो, उंडे आणि पोळे हे पाव घेऊन. गॅसचा सिलिंडर आणणारा मुलगा येतो. त्यांच्यासाठी गडग्यावर पाण्याची बाटली आणि गुळाचा खडा ठेवते. बाबा, ते तुमच्या नावाने.

गोळ्या वेळेवर घ्या. बाजारात स्वतः जाऊ नका, चिठ्ठी लिहून शेजारच्या दादाकडे द्या.

आई, दिवाळीला चकल्या भरून दिलेला तुझा पितळी डबा अजून माझ्याकडेच आहे. काल चिंच लावून घासला आणि सोलं, म्हणजे ही आमसुलं, भरून ठेवली. नाका उघडला की घेऊन येते.

तुमची,
बाय