सीताबर्डीच्या काकांना उघडं पत्र : ड्युअल प्रोसेसरचं मशीन आता बंद पडत नाही

काका, सप्रेम नमस्कार.

नागपुरात मे महिन्यात कॉम्प्युटर बंद पडला की पहिला आळ उन्हावर जातो. लॅबमधलं आमचं दोन प्रोसेसरचं लिनक्स मशीन बंद पडायला लागलं, तेव्हा आम्हीही दोन्ही हीटसिंकची (प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या धातूच्या ठोकळ्यांची) पेस्ट बदलून बसलो होतो. तापमान दाखवणारा 'सेन्सर्स' प्रोग्राम मात्र भर लोडवर ६८च अंश दाखवत होता, म्हणजे दोष उन्हाचा नव्हता. तुम्ही पहिलाच प्रश्न विचारलात, "गोठतं की रीबूट होतं?" आम्ही म्हणालो, दोन्ही. "मग आजारही दोन असतील." या एका वाक्याबद्दल आधी आभार.

रीबूटचं निदान सोपं निघालं. मागच्या बूटचा जर्नल (सिस्टिमची नोंदवही) मध्येच तुटलेला, एकही एरर नाही. कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, लिहायला वेळच मिळाला नाही म्हणजे बहुधा प्रोसेसरची वीज अचानक तुटली. मग तुम्ही सांगितल्याप्रमाणे न्यूमासीटीएलने (काम ठरावीक प्रोसेसरवर बांधणाऱ्या कमांडने) स्ट्रेस-एनजी हा भार टाकणारा प्रोग्राम आधी फक्त नोड ० वर, म्हणजे एका प्रोसेसरवर आणि त्याच्या रॅमवर चालवला, तासभर काही नाही. नोड १ वर पाच मिनिटांत रीबूट. इथे आम्ही चुकीचा सॉकेट उघडणार होतो, कारण लिनक्स ० पासून मोजतं आणि आमच्या बोर्डावर १ पासून छापलेलं होतं. नोड १ म्हणजे बोर्डावरचा सीपीयू २.

त्याच्या ८ पिनच्या कनेक्टरला वीज येत होती मोलेक्सवरून (डिस्कला वीज देणाऱ्या जुन्या ४ पिनच्या जोडणीवरून) काढलेल्या कन्व्हर्टरमधून, कारण एसएमपीएसला (कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायला) ८ पिनची केबल एकच. मल्टिमीटरची सुई पिवळ्या तारेच्या मागून घातली, तर लोडवर ११.३ व्होल्ट. त्याच वेळी एसएमपीएसच्या टोकाला १२. खालची मर्यादा ११.४. शंभर वॉटच्या आसपासचा प्रोसेसर ८-९ अँपिअर ओढतो, ते त्या बारीक तारांना आणि सैल पिनांना झेपत नव्हतं. एक पिन तर तपकिरी पडली होती. दोन ८ पिन केबलींचा एसएमपीएस लावला, रीबूट थांबले. ग्राफिक्स कार्डाची ८ पिन केबल इथे जबरदस्तीने बसवू नका, हे तुम्ही दोनदा बजावलंत. तिच्यात पिवळ्या-काळ्या तारांच्या बाजू उलट असतात.

गोठण्याने जास्त छळलं. रॅम तपासणारी मेमटेस्ट रात्रभर स्वच्छ. ईसीसी (चूक सुधारणारी) रॅम एका बिटची चूक गुपचूप दुरुस्त करते, त्यामुळे टेस्टमध्ये ती दिसेलच असं नाही, हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं. दोन बिट बिघडले की मात्र दुरुस्ती होत नाही, कर्नल पॅनिक होतो, म्हणजे हात टेकून थांबतो. 'कर्नल.पॅनिक' ही सेटिंग ० असेल तर मशीन रीबूट न होता तसंच थांबतं, आणि डेस्कटॉपवर तो मजकूर दिसतही नाही. नेटकन्सोलने कर्नलचे संदेश नेटवर्कवरून शेजारच्या मशीनवर पाठवल्यावर 'हार्डवेअर एरर' हाती लागली. डीमेसेजने संदेशांची लेव्हल ८ (सगळे संदेश दाखवणारी) केली नसती तर अर्धा मजकूर वाटेतच राहिला असता. हार्डवेअरच्या चुका नोंदवणाऱ्या रासडीमनने सीपीयू २ कडची रॅमची एक पट्टी दाखवली.

पट्टी लगेच फेकू दिली नाहीत, ते बरं झालं. ती सीपीयू १ च्या स्लॉटमध्ये टाकायला लावलीत. चूक पट्टीबरोबर आली तर रॅम खराब, जागेवरच राहिली तर सॉकेटची पिन किंवा प्रोसेसर. "दोन बदल एकदम करू नका, मग चोर कोण ते कळत नाही." चूक पट्टीबरोबर आली, पट्टी बदलली.

तुमचं मल्टिमीटर अजून आमच्याकडेच आहे. सोमवारी आणून देतो.

आपले,
लॅबमधले आम्ही तिघे