वाकडा मनोरा आणि वीस टक्के

प्रति,
माननीय अर्थमंत्री,
ब्रिटन सरकार, लंडन

महोदया,

या पत्राची इंग्रजी प्रत टपालाने आपल्या कार्यालयात आलेलीच आहे. तेच मराठीत लिहिते आहे ते इथे राहणाऱ्या माझ्या लोकांसाठी. आम्ही सगळे या देशात कर भरतो, पण गावातल्या साडेसहाशे वर्षं जुन्या चर्चचं छप्पर दुरुस्त केलं तर त्या कामावरही 20 टक्के व्हॅट लागतो, हे आमच्यातल्या फार थोड्यांना ठाऊक आहे. मलाही चार वर्षांपूर्वीपर्यंत नव्हतं.

मी डर्बीशरमध्ये राहते. चेस्टरफील्ड हे आमचं बाजाराचं गाव. तिथल्या सेंट मेरी अँड ऑल सेंट्स चर्चचा मनोरा आपण फोटोत तरी पाहिला असेलच. 228 फूट उंच, पिळून ठेवलेल्या ओल्या धोतरासारखा 45 अंशांत वळलेला आणि वर साडेनऊ फूट कललेला. आत लाकडाचा सांगाडा, वरून शिशाचे पत्रे. पत्रे तिरपे, चटईच्या विणीसारखे बसवलेत, त्यामुळे पीळ आहे त्याहून जास्त वाटतो. तो वाकला कसा? बोल्सोव्हरच्या लोहाराने सैतानाच्या पायात नाल चुकीचा ठोकला आणि कळवळून उडी मारताना सैतानाने मनोऱ्याला लाथ घातली, असं लोक सांगतात. जाणकार सांगतात ते वेगळं: ओलं ओक लाकूड, तिरप्या आधारांची कमतरता, त्यावर 33 टन शिशाचं ओझं आणि दक्षिणेकडच्या बाजूला लागणारं जास्तीचं ऊन. मला सैतान जास्त आवडतो, पण दुरुस्तीचं बिल तो भरत नाही.

ते कोण भरतं? बिशपच्या मुख्यालयाकडे तिजोरी असेल, नाहीतर सरकार देत असेल, असं मला वाटायचं. प्रत्यक्षात ही जबाबदारी पॅरिशच्या, म्हणजे त्या चर्चच्या हद्दीतल्या स्थानिक समितीची. ती असते गावातल्या निवृत्त आणि बिनपगारी माणसांची.

चेस्टरफील्डचं नाव मोठं, तिथे पाहुणे येतात. मला बोलायचंय ते लहान चर्चबद्दल. आमच्या खेड्यातलं चर्च तसं साधंच, नाव सांगावं इतकं प्रसिद्ध नाही. मी हिंदू, प्रार्थनेला जात नाही; पण शेजारच्या आजी तिथल्या वॉर्डन, म्हणजे चर्चची देखभाल बघणाऱ्या आहेत आणि शिडी धरायला कुणीतरी लागतं. म्हणून दर नोव्हेंबरात पन्हळी साफ करायला मी जाते. पहिल्या वर्षी उत्तरेकडच्या पन्हळीतून दोन बादल्या कुजलेला पाला निघाला, कावळ्यांच्या काटक्या निघाल्या आणि एक टेनिसचा चेंडू. पाणी तुंबून भिंतीत उतरलं होतं. आतला गिलावा पोळीसारखा फुगला होता, बोट लावलं तर पापुद्रा हातात आला. बाहेरून पाहिलं तर कुणीतरी पूर्वी दगडांच्या सांध्यांत सिमेंट भरलेलं. सिमेंट टणक उभं आणि शेजारचा दगड भुगा होऊन खाली सांडलेला. सांध्यांत चुना असला की त्यातून ओल बाहेर पडते. सिमेंट ती दगडात कोंडतं, हिवाळ्यात ती गोठते आणि दगडाचा कपचा उडतो. माझ्या माहेरच्या गावात काळ्या दगडाच्या देवळाला जीर्णोद्धार म्हणून ऑइल पेंट फासला होता, त्याची आठवण झाली. चांगल्या हेतूने केलेलं नुकसान दोन्हीकडे सारखंच दिसतं.

तर आता हिशोब. नवीन चर्च बांधलं तर बांधकामावर व्हॅट शून्य. साडेसहाशे वर्षं जुनं टिकवलं तर 20 टक्के. पूर्वी संरक्षित इमारतीत मंजुरी घेऊन केलेल्या फेरबदलांवर कर नव्हता, फक्त दुरुस्तीवर होता. ही विसंगती 1 ऑक्टोबर 2012 ला दूर झाली, ती फेरबदलांवरही कर लावून!

या करापोटी भरलेली रक्कम अनुदान म्हणून परत देण्याची योजना 2001 मध्ये आली. युरोपीय नियमांमुळे व्हॅटच कमी करता येत नव्हता, म्हणून ही पळवाट. ती चांगली चालली. मग एप्रिल 2025 पासून एका वास्तूला वर्षाला 25,000 पौंडांची मर्यादा घातली गेली आणि वर्षाचा निधी 4 कोटी 20 लाखांवरून 2 कोटी 30 लाख पौंडांवर आला. म्हणजे सव्वा लाख पौंडांचं काम काढलं की त्यावरच्या करातच मर्यादा संपायची. शिशाचं छप्पर किंवा मनोरा अर्धा अर्धा करून दोन वर्षांत बसवता येत नाही. एकदा परांची उभारली की काम पुरं करूनच ती उतरवायची असते. तिचंच भाडं केवढं!

अनुदानाची नावं बदलत राहतील, मर्यादा खालीवर होतील. त्यात मला रस नाही. युरोपीय नियम आता इंग्लंडमध्ये लागू नाहीत. घरांवर सौरपट्ट्या आणि इन्सुलेशन बसवण्यावरचा व्हॅट आपल्या पूर्वसुरींनी एप्रिल 2022 पासून शून्य केला. तेच संरक्षित प्रार्थनास्थळांच्या दुरुस्तीला लावा. माझी मागणी एवढीच आहे. ती फक्त चर्चसाठी नाही: वोकिंगची 1889 ची शाहजहान मशीद आणि लंडनचं 1701 चं बेव्हिस मार्क्स सिनेगॉग यांच्या दुरुस्तीचीही हीच गत आहे.

तिजोरीला तोटा होईल, हे खरं. पण कर भरायला पैसे नाहीत म्हणून काम पुढे ढकललं, तर कर कुणाकडून येणार? 1955 च्या कायद्याने सुरू झालेली चर्चची तपासणी आजही ठरावीक वर्षांनी होते. आमच्या गेल्या अहवालात वास्तुविशारदाने ‘तातडीचे’ म्हणून लिहिलेली तीन कामं त्याआधीच्या अहवालातही होती. दरम्यान ओल आणखी एका खिडकीपर्यंत सरकली आहे.

अर्थसंकल्पाआधी एकदा चेस्टरफील्डला या. सेंट पँक्रासहून थेट गाडी आहे, दोन तासांच्या आत पोहोचते. स्टेशनाबाहेर पडलात की कुणाला रस्ता विचारावा लागणार नाही, मनोरा समोरच दिसेल. तिथून आमचं खेडं जवळ आहे. नोव्हेंबरात आलात तर शिडी धरायला एक माणूस कमीच असतो.

आपली,
डर्बीशरची एक करदाती