भुकेची गोळी मागणाऱ्या चिरंजीवांस

बार्शी

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

तू व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेले दोन्ही फोटो मोठे करून नीट पाहिले. एक गोळ्यांची स्ट्रिप आणि एक टॉनिकची बाटली. खाली तुझा निरोप: "दुकानात असेल तर एसटीच्या पार्सलने पाठव, रूममेटला याने मस्त भूक लागते. आणि आबांनाही सुरू कर, तेही हल्ली जेवत नाहीत." मी यातलं काहीच पाठवत नाहीये. फोनवर सांगायला गेलं की तू "हो गं, हो गं" करून अभ्यासिकेत शिरतोस, म्हणून हे लिहायला बसले. दुपारी आपल्या औषधांच्या दुकानात गिऱ्हाईक नसतं, मला वेळ आहे.

आधी त्या फोटोंबद्दल. तुला ती दोन औषधं वाटली, पण ते एकच औषध आहे. स्ट्रिपवरचं आणि बाटलीवरचं मोठ्या अक्षरातलं नाव सोड, ते कंपनीचं. त्याखाली बारीक अक्षरात आत काय आहे ते लिहिलेलं असतं. दोन्हीकडे सायप्रोहेप्टाडिन आहे. गोळीत ४ मिलिग्रॅम, सिरपच्या ५ मिलीत २ मिलिग्रॅम. म्हणजे दिवसाला तीन गोळ्या आणि वर "टॉनिक आहे, काही होत नाही" म्हणून सकाळ-संध्याकाळ दहा-दहा मिली, असा तुझ्या रूममेटचा जो क्रम तू सांगितलास, तो दिवसाला पाच गोळ्यांचा झाला. हे त्याला ठरवून कुणी दिलं? कुणीच नाही. बाटलीवर इंग्रजीत इशाराही छापलेला आहे की वैद्यकीय देखरेखीशिवाय हे घेणं धोक्याचं आहे. तो कुणी वाचत नाही, कारण बाटलीवर फळांची चित्रं असतात आणि चव गोड असते.

हे औषध मुळात भुकेचं नाहीच. अ‍ॅलर्जीचं आहे: शिंका, नाक गळणं, अंगावर पित्त उठणं. अमेरिकेत १९६१ साली ते त्यासाठीच बाजारात आलं. दम्याच्या मुलांना देऊन पाहिलं तेव्हा ती जास्त जेवायला लागली आणि वजनही वाढलं, आणि १९६२ मध्ये ते वैद्यकीय मासिकात छापूनही आलं. शरीरात सेरोटोनिन नावाचं एक रसायन असतं, पोट भरल्याची जाणीव मेंदूला होण्यात त्याचा वाटा असतो. हे औषध त्याची वाट अडवतं, म्हणून माणूस खात राहतो. म्हणजे तुला लागणारी भूक हा खरं तर एक दुष्परिणाम, आणि तो एकटा येत नाही. झोप येते. तोंड कोरडं पडतं. पोट साफ होत नाही. डोळ्यांसमोर धूसर दिसतं. परवा तू म्हणालास ना, रूममेटकडून दोन दिवस घेऊन पाहिली आणि अभ्यासिकेत पुस्तकावर डोकं टेकून झोपलास. त्याचा दोष तू आयोगाच्या अभ्यासक्रमाला दिलास! राज्यघटना कंटाळवाणी असेल, पण इतकीही नाही. राज्यसेवेची तयारी करणाऱ्या मुलाने दिवसा गुंगी आणणारी गोळी खायची, याला मी काय म्हणू. आणि ती घेऊन स्वारगेटच्या चौकातून गाडी चालवायची असेल तर आईला आधी कळवायचं नाही, असं ठरवलंयस का?

अजून दोन गोष्टी रूममेटलाही सांग. सर्दीच्या बहुतेक गोळ्यांमध्ये याच कुळातलं दुसरं औषध असतं, क्लोरफेनिरामाइन. सर्दी झाली म्हणून ती घेतली आणि ही चालूच ठेवली, तर गुंगी दुप्पट. दारू आणि झोपेच्या गोळीचंही तसंच. दुसरं असं की उदासीसाठी, चिंतेसाठी मानसोपचाराच्या ज्या गोळ्या हल्ली बऱ्याच मुलांना चालू असतात, एस्सिटालोप्राम, फ्लुओक्सेटिन वगैरे, त्या सेरोटोनिनवरच काम करतात. ही गोळी त्यांच्या उलट ओढते. तुमच्या मजल्यावर कुणाला त्या चालू असतील तर तो सांगणार नाही, लपवेल. म्हणून भुकेची गोळी एकमेकांत वाटायची नाही.

आता तुझ्याबद्दल. तुझं वजन उतरलंय हे मला दिवाळीतच दिसलं होतं. गोळी द्यायची की नाही हा प्रश्न नंतरचा. भूक का गेली हे आधी बघायचं, आणि माझी सगळी नाराजी इथेच आहे. भूक जाणं ही शरीराने केलेली तक्रार असते. गोळीने ती तक्रार बंद होते, पण कारण आत तसंच राहतं आणि महिना-दोन महिने आपण वजनकाट्याकडे बघून खूश असतो.

तू सकाळी रिकाम्या पोटी दोन कटिंग मारतोस. अकराला वडापाव. दुपारची मेस चुकली तर पुन्हा चहा. रात्री दीडला झोप. यात भूक लागली तर नवल. सिगारेट ओढत असशील तर तेही भूक मारतं (ओढत असशील तर सांग, ओरडणार नाही, म्हणजे फार ओरडणार नाही). गेल्या निकालापासून तू नीट बोलत नाहीस, हेही मी धरून आहे. मन खाली गेलं की जिभेला चव राहत नाही. तसं असेल तर त्यावर या गोळीचा उपाय नाही, त्याचे डॉक्टर वेगळे असतात आणि त्यांच्याकडे जाण्यात कमीपणा काही नाही.

पण हे सगळं मी घरबसल्या बोलतेय. काही गोष्टी तपासल्याशिवाय कळत नाहीत. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळी कणकण, रात्री घाम आणि वजन उतरणं, असं असेल तर पहिली शंका टीबीची. एका खोलीत पाच-सहा जण राहता, एकाच अभ्यासिकेत खिडक्या बंद करून बसता. थुंकीची तपासणी सरकारी दवाखान्यात फुकट होते. टीबीत भूक गेलेल्या माणसाला भुकेचं सिरप पाजत बसणं म्हणजे उपचाराचे दिवस वाया घालवणं. तिथे खरा जोर औषध आणि अन्न दोन्हीवर आहे. झारखंडमध्ये टीबीच्या रुग्णांना घरी शिधा देऊन एक मोठा अभ्यास झाला, २०२३ मध्ये तो प्रसिद्ध झाला. पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचं वजन पाच टक्के वाढलं, त्यांच्यात मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी दिसला. सरकारही टीबीच्या रुग्णाला आहारासाठी दरमहा पैसे देतं. आधी पाचशे होते, नोव्हेंबर २०२४ पासून हजार केले.

उलटही असतं. भूक भरपूर, दोन ताटं जेवतो, तरी वजन उतरतंय. सारखी तहान, सारखी लघवी. तिथे साखर तपासायची. हात थरथरतात, छाती धडधडते, उकडतं, तर थायरॉइड. तू शाकाहारी आहेस, तेव्हा बी-१२ आणि हिमोग्लोबिन बघायलाच हवं. आणि नुकतीच एखादी अँटिबायोटिक किंवा लोहाची गोळी चालू झाली असेल तर मळमळ तिचीही असू शकते. अशी माणसं दुकानात रोज येतात. एक औषध भूक मारतं आणि ती परत आणायला ते दुसरं मागतात.

आबांचं सांगते. आबा जेवत नव्हते हे खरं. कारण निघालं कवळी. हिरडी उतरल्याने कवळी सैल झाली होती, भाकरी चावली की टोचायची. ते सांगत नव्हते, ताट बाजूला सारायचे. दातांच्या डॉक्टरांनी ती बसवून दिली. आता दुधात कुस्करलेली भाकरी, मऊ खिचडी, पिठलं असं नीट जातं. शिवाय तू गेल्यापासून ते एकटे टीव्हीसमोर जेवायचे. मी आता दुकान लवकर बंद करून त्यांच्यासोबत बसते. त्यांना प्रोस्टेटची गोळी चालू आहे, हे तुला माहीत आहे. तुझ्या निरोपाप्रमाणे मी त्यांना ही सुरू केली असती तर लघवी तुंबून रात्री दवाखाना गाठावा लागला असता. काचबिंदूच्या एका प्रकारातही ही चालत नाही. आणि म्हाताऱ्या माणसाला गुंगी आली की रात्री मोरीकडे जाताना पडणं, खुब्याचं हाड, हे पुढचं सगळं तू शेजारच्या आजींच्या घरी पाहिलंयस. अमेरिकेतल्या वृद्धांच्या डॉक्टरांची संघटना ज्येष्ठांना टाळायच्या औषधांची एक यादी काढते, त्यात हे औषध आहे. भूक वाढवायची औषधंच म्हाताऱ्यांना सहसा देऊ नका, आधी चालू औषधं तपासा आणि जेवताना सोबत करा, असं ते सांगतात. आमच्या सासूबाई हे न वाचताच करायच्या.

आता जिमवाल्याचं. तू सहज बोलून गेलास की तिथे कुणीतरी वजन वाढवायची पुडी देतं, कागदात बांधलेली, नाव नसलेली, "आयुर्वेदिक". तिला हात लावायचा नाही. सायप्रोहेप्टाडिनचं निदान नाव तरी लिहिलेलं असतं. अशा पुड्यांत स्टेरॉइड कुटून घातलेलं सापडतं, बहुतेकदा डेक्सामेथासोन. ते खाल्लं की गाल भरतात आणि सगळे म्हणतात, पोरगं सुधारलं. ते पाणी आणि चरबी असते, स्नायू उलट झिजतात. साखर चढते, रक्तदाब चढतो, अंगावर पुरळ येतं, हाडं ठिसूळ होतात. आणि वाईट भाग पुढेच. काही आठवडे बाहेरून स्टेरॉइड मिळालं की शरीर स्वतःचं बनवणं कमी करतं. मग पुडी एकदम थांबवली तर उलट्या, गळून जाणं, रक्तदाब पडणं, अगदी जिवावर बेतू शकतं. म्हणून तुमच्यात कुणी ती बरेच दिवस खात असेल तर "फेकून दे" एवढं सांगून मोकळा होऊ नकोस. त्याला पुडीसकट डॉक्टरांकडे घेऊन जा, ते हळूहळू कमी करून देतील.

आपल्याकडची ही हौस परदेशातही पोचली. ॲपेटामिन नावाचं इथे बनलेलं सिरप, सायप्रोहेप्टाडिन, लायसिन (प्रथिनांचा एक घटक) आणि जीवनसत्त्वं घातलेलं, इंग्लंड-अमेरिकेत मुली अंग भरावं म्हणून चोरून मागवायच्या. २०२३ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ते घेऊ नका असं जाहीर केलं. यकृताला इजा झाल्याच्या तक्रारीही आहेत. तुझ्या मामेबहिणीने लंडनहून अशी बाटली आणायला सांगितली तर तिला माझा नंबर दे.

म्हणजे भुकेची औषधं वाईटच, असं मी म्हणत नाही. दुकानात मी तीही देते, चिठ्ठी असली की. कॅन्सरच्या रुग्णाला केमोत घास गिळत नाही तेव्हा औषधाची खरी गरज असते. पाँडिचेरीच्या जिपमर या सरकारी रुग्णालयात डॉक्टरांनी अशा रुग्णांना ओलान्झापिन हे मूळचं मानसोपचाराचं औषध अगदी कमी मात्रेत, रोज अडीच मिलिग्रॅम, बारा आठवडे दिलं. ज्यांना ते मिळालं त्यांच्यातल्या ६० टक्के लोकांचं वजन पाच टक्क्यांहून जास्त वाढलं, न मिळालेल्यांत ९ टक्क्यांचं. हे २०२३ मध्ये छापून आलं आणि पुढे अमेरिकेतल्या डॉक्टरांनीही ते उचललं. पण तिथे आजार माहीत होता, मात्रा ठरलेली होती, मुदत ठरलेली होती आणि कुणीतरी बघत होतं. तुमच्या खोलीत यातलं काय आहे?

समज, तपासणीनंतर डॉक्टरांनी तुलाच सायप्रोहेप्टाडिन लिहून दिलं. देऊ शकतात, मी अडवणार नाही. मग मात्र किती दिवस हे विचारून घे. याचा भुकेवरचा परिणाम काही आठवड्यांत ओसरायला लागतो, म्हणून बरेच डॉक्टर मध्ये खंड देतात. वर्षभर चालू ठेवायची ही गोळी नाही. सिरप असेल तर मोजायच्या टोपणानेच घे, घरातला चमचा कधी तीन मिलीचा असतो, कधी आठचा. पहिले काही दिवस गाडी चालवू नकोस. वजन दर रविवारी एकाच काट्यावर, सकाळी, चहाआधी कर. लघवीला अडथळा आला, डोळे-कातडी पिवळी दिसली, छाती धडधडली तर त्याच दिवशी दाखव. आणि भूक लागल्यावर वडापावच खाणार असशील तर उपयोग नाही. वजन औषधाने वाढत नाही, भूक लागल्यावर ताटात काय येतं त्याने वाढतं. मेसच्या काकूंना एक वाटी उसळ जास्त मागायला लाजू नकोस. उठल्यावर तासाभरात काहीतरी पोटात गेलं पाहिजे, चहा त्यानंतर.

पार्सल पाठवतेच आहे, गोळ्यांशिवाय. शेंगदाण्याचे लाडू, खजूर, जवसाची चटणी आणि थालीपिठाची भाजणी. लाडू रूममेटलाही दे. शनिवारी सकाळी उपाशीपोटी लॅबमध्ये जा. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी, हिमोग्लोबिन त्यातच येतं), साखर, थायरॉइड, बी-१२ एवढं सांग, पैसे टाकलेत. ॲसिडिटीची जी गोळी तू मधूनमधून घेतोस तिचं नाव डॉक्टरांना सांगायला विसरू नकोस. रिपोर्टचा फोटो आधी त्यांना, मग मला.

तुझी
आई

ता. क. रूममेटच्या त्या चार गोळ्या अजून तुझ्या बॅगेत असतील. त्या परत देऊ नकोस.